दोन हजार टप्प्यांचा मुराळी

माझी सगळी नोकरी एकाच प्रश्नाला उत्तर देण्यात चालली आहे. शहाद्याच्या बस आगारात मी वाहतूक नियंत्रक आहे. खिडकीच्या आत मी, बाहेर माणसं, आणि गजांमधून दिवसभर एकच विचारणा: गाडी किती वाजता, आणि पोचायला किती वेळ लागेल. सपाटीवरची माणसं अहिराणीत विचारतात. डोंगरातली आपली बोली बाजूला ठेवून मोडक्या मराठीत विचारतात. कॉलेजातली पोरं फोनमधून डोकं वर न काढता विचारतात. बोर्डावर सगळं लिहिलेलं असतं, पण बोर्ड कोणी वाचत नाही. जे वाचतात तेही वाचून झाल्यावर मलाच विचारतात, कारण बोर्डावर रागावता येत नाही.

मी तोंडपाठ सांगतो. कागद बघून वेळ सांगणारा नियंत्रक मला आवडत नाही, आणि हे मी बरोबरच्या लोकांना तोंडावर सांगतो. त्यामुळे आगारात मला फारसे मित्र नाहीत.

आमच्याकडे अंतर टप्प्यांत मोजतात. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि तिकीट टप्प्यावर निघतं. तुम्ही सात किलोमीटर गेलात तरी दोन टप्पे गेलात. इतकी वर्षं हेच केल्यामुळे मला जगातलं कुठलंही अंतर टप्प्यांतच दिसतं. आमच्या गावापासून शहादा अकरा किलोमीटर, म्हणजे दोन टप्पे. मुंबईच्या विमानतळापासून न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या विमानतळापर्यंत बारा हजार किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे दोन हजार टप्पे आणि वर काही.

हे दुसरं अंतर मी आगारात बसूनच काढलं होतं. दुपारी दोन ते तीन गाड्या कमी असतात. तेव्हा मी फोनवर एक पान उघडायचो. त्यावर दोन विमानतळांची नावं टाकली की मधलं अंतर आणि उडायला लागणारा वेळ येतो. मी नेहमी तीच दोन नावं टाकायचो. उत्तर नेहमी तेच यायचं, साडेचौदा-पंधरा तास. ते उत्तर खोटं आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. त्या दोन गावांमध्ये सरळ जाणारं विमानच नाही. त्या पानावरच्या हिशोबाने एक न थांबणारं विमान हवेत सोडलेलं होतं, ज्यात कोणी कधी बसणार नव्हतं. थांबा धरायचा नाही, गाडी बदलायची धरायची नाही, आणि वेळ सांगून मोकळं व्हायचं, असला नियंत्रक मी एक दिवस ठेवला नसता. तरी पुढच्या दुपारी मी परत तीच नावं टाकायचो.

ऑकलंडला माझी बहीण राहते. ती नऊ वर्षं घरी आली नव्हती, आणि त्याला कारण मी होतो.

खान्देशात आखाजी हा लेकींचा सण. अक्षय्य तृतीया सगळीकडे असते, पण आमच्याकडे तिची वाट दिवाळीपेक्षा जास्त बघतात. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. घरात खापरावरच्या पोळ्या आणि आमरस, आणि पुरुष मंडळी ओट्यावर पत्ते कुटत बसलेली. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, बहुतेक भाऊच. त्याला मुराळी म्हणतात. माझी माय मुराई म्हणते. मुराळी नुसता दारात आला की पोरीचा सासरी मान राहतो. आमच्या घरात त्याचे दोन नियम होते. मुराळी आधी निरोप पाठवत नाही, पोरीने वाट बघायची असते. आणि तो बहिणीच्या घरी एकच मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन निघतो. हे नियम आमचे वडील पाळायचे. ते मी कॉलेजात असतानाच गेले, आणि बहिणीसाठी मुराळी व्हायला मी एकटाच उरलो.

बहिणीने आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा शहाद्याचाच, मारवाडी किराणा दुकानदाराचा, तिच्या कॉलेजातला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे, ते पिढ्यान्‌पिढ्या दुकान करणारे. दोन्ही घरं कुरकुरली, मग दोन्ही घरं जेवायला एकत्र बसली. माय महिनाभरात सावरली. मीच सावरलो नाही. त्या पोरात खोट काढायला काही मिळत नव्हतं, याचाच मला जास्त राग होता.

लग्नानंतरची पहिली आखाजी आली. पहिल्या आखाजीला मुराळी गेलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. मायने सांजोऱ्यांचा डबा भरून दिला, मी मोटरसायकल काढली. गावाच्या तोंडाशी कट्ट्यावर चार जण बसलेले. एकाने विचारलं, कुठे. मी सांगितलं. तो म्हणाला, "दुकानावर चालला? मंग येतांना किलोभर साखर बी लई ये." सगळे हसले. मीही हसलो, असं दाखवलं.

ते हसणं माझ्याबरोबर मोटरसायकलवर बसून आलं. शहाद्याच्या अलीकडे गोमाई नदीचा पूल आहे. पुलाच्या तोंडाशी मी थांबलो. पलीकडे बाजारपेठ, बाजारपेठेत ते दुकान, दुकानाच्या पायरीवर मी गिऱ्हाइकांमध्ये उभा राहून बहिणीला हाक मारतोय असं चित्र डोळ्यांपुढे आलं. मी गाडी वळवली. घरी येऊन मायला सांगितलं की तिच्या घरी कोणी नव्हतं, कुलूप होतं. मायने डबा हातातून घेतला आणि आत नेऊन ठेवला. दोन टप्प्यांचा रस्ता, आणि त्यातलाही एक किलोमीटर उरला होता.

मी पुलावरून परतलो हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्याच वर्षी ती दोघं न्यूझीलंडला गेली. तिकडून ती मायला दर रविवारी फोन करायची. माझ्याबद्दल कधी विचारलं नाही, मीही फोन मागितला नाही. दर आखाजीच्या आधी माय तिला म्हणायची, ये आता. ती दर वेळी एकच म्हणायची, मुराई धाड. माय हसून विषय बदलायची. मला वाटायचं ती चेष्टा करते आहे. नऊ वर्षं कोणी तीच चेष्टा करत नाही, हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. मी हट्टी होतो, आणि हट्टी माणसाला पाहिजे तेवढंच समजतं.

यंदा फेब्रुवारीत एका रविवारी फोन झाल्यावर माय बाहेर ओट्यावर आली. मी तुरीच्या शेंगा सोलत होतो. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तिनी परत तेच सांगं. आते मीच जासू मुराई व्हईसन."

माय सत्तरीच्या पुढची. तिचे गुडघे असे की ती जवळच्या तळोद्यापर्यंतसुद्धा बसायला जागा मिळाली तरच जाते. मी हसलो. ती हसली नाही. तिने मला विचारलं, आणि खिडकीबाहेरची माणसं विचारतात अगदी तसं विचारलं, "तठे जावाले कितला टाइम लागस?"

माय ऑकलंडला कायम "तठे" म्हणते. आणि मला हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप तोंडात येतं, तिथे राग-लोभ मधे येत नाही. मी सांगायला लागलो. नंदुरबारहून मुंबईला रेल्वेने एक रात्र. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास. सिंगापूरला साडेचार तास थांबा, तिथे गाडी बदलायची. सिंगापूर ते ऑकलंड दहा तास. वर तिथलं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास, ते वेगळं. मी एका दमात, तोंडपाठ सांगितलं. सांगताना लक्षात आलं नाही की मायला हे सगळं मला कसं माहीत, हा प्रश्न पडेल.

तिला पडला नाही. ती फक्त म्हणाली, "म्हंजे बठ्ठं मिळाईसन दोन दिन."

"दोन दिन," मी म्हणालो.

"मंग नऊ वरीस तू काय करी ऱ्हायंता?"

मी शेंगा सोलत राहिलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तुरीच्या शेंगेने डोळ्यांत पाणी येत नाही, त्यामुळे लपवायला काही जागा नव्हती. मायने माझ्यापुढचं सूप ओढून आपल्याकडे घेतलं आणि उरलेल्या शेंगा ती सोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मायच्या फोनमधून बहिणीच्या नवऱ्याचा नंबर घेतला. आम्ही त्याला पाहुणे म्हणतो. नऊ वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होतो. मी म्हणालो, "पाहुणे, मी तिला न्यायला येतोय. आखाजीला."

तो म्हणाला, "व्हिसाला लागतील ते कागद मी धाडतो, भाऊ. पण तिला सांगणार नाही."

"नियमच आहे. मुराळी सांगून येत नाही."

"नियमासाठी नाही," तो म्हणाला. "तुम्ही निघालात असं कळलं की ती उभी राहील. एकदा उभी राहिली होती. परत तसं तिला बघायची माझी तयारी नाही. तुम्ही आधी या. तुमच्या परतीच्या विमानात जागा मिळेलच, ती हो म्हणाली तर तिचं तिकीट काढायला मला पाच मिनिटं लागतील."

एकदा उभी राहिली होती, म्हणजे दुकानाच्या दारात, असं मी समजलो. आणि ती नाही म्हणाली तर, हे त्याने बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून पुढचे दोन महिने माझ्या पोटात तेवढंच होतं. ती नाही म्हणू शकत होती. तिला पूर्ण हक्क होता.

नंदुरबारला तिकिटं काढून देणारा एक जण आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने माझे कागद बघितले, जायची तारीख टाकली आणि परतीची विचारली. मी पोचण्याच्या दुसऱ्या दिवसाची सांगितली.

तो थांबला. "दुसऱ्या महिन्यातली का?"

"दुसऱ्या दिवसाची."

"साहेब, माणसं तिकडे तीन-तीन महिने राहतात. तुम्ही एक रात्र राहणार? दोन दिवस जायला, दोन दिवस यायला?"

मी म्हणालो, मी फिरायला चाललो नाही, बहिणीला न्यायला चाललोय, आणि आमच्यात एकच मुक्काम असतो. त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. मला त्यात चूक काहीच दिसत नव्हती. मायलाही दिसली नाही. उलट तिने निघताना बजावलं, "एकच रात ऱ्हाय. बहिनना घरनं जास्त खावानं नही." आमच्या दोघांच्याही डोक्यात हे आलं नाही की परक्या देशाच्या दारावर एक माणूस बसलेला असतो आणि त्याला आमचे नियम कोणी सांगितलेले नसतात.

घरात सांजोऱ्या झाल्या. रव्या-साखरेचं सारण भरून तळलेल्या, डबाभर. मायने डब्याला स्वतः फडकं बांधलं. तोच डबा होता. स्टीलचा, झाकणावर पोचा आलेला. तिने तो मुद्दाम काढला की हाताला आला म्हणून घेतला, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

विमानात मी पहिल्यांदाच बसत होतो. भीती वाटली नाही, तपासणी करावीशी वाटली. मुंबईहून सकाळी आठला सुटायचं ते आठ बावीसला हललं, आणि कोणी काही कारण सांगितलं नाही. माझ्या आगारात बावीस मिनिटांत लोकांनी खिडकी डोक्यावर घेतली असती. इथे सगळे पट्टे बांधून गप्प. समोरच्या पडद्यावर नकाशा होता, त्यावर छोटं विमान, आणि बाजूला उरलेले किलोमीटर. मला सिनेमा नको होता, तेवढंच पुरे होतं. मी सहाने भागत बसलो. सिंगापूरहून पुढचं विमान निघालं तेव्हा चौदाशे टप्पे उरले होते. शेजारी बसलेल्या बाईंनी दिवा मालवून चादर ओढली, मी टप्पे मोजत राहिलो. हजार. आठशे. माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं अंतर उलटं मोजतोय, ऑकलंडपासून नाही, त्या पुलापासून. प्रत्येक टप्प्याला मी त्या पुलाच्या तोंडाशी परत येऊन उभा राहत होतो आणि परत गाडी वळवावीशी वाटते का ते बघत होतो. वाटत होती. विमान वळवता येत नाही, हे त्या रात्री मला फार बरं वाटलं.

सकाळी साडेदहाला उतरलो. रांगेत माझी पाळी आली. काचेमागच्या तरुणाने पासपोर्ट बघितला, किती दिवस राहणार विचारलं. एवढं इंग्रजी मला येतं. मी एक बोट वर केलं. त्याने विचारलं, एक महिना? मी म्हणालो, एक रात्र. त्याने परतीचं तिकीट मागितलं, ते बघितलं, मला बघितलं, आणि शांतपणे बाजूच्या खोलीकडे हात केला.

त्या खोलीत चार खुर्च्या आणि एक टेबल. मला आपलं काय चुकलं ते तेव्हा समजलं. इतक्या लांबून येऊन एका रात्रीत परत जाणारा माणूस म्हणजे काहीतरी पोचवायला आलेला माणूस. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बसवून ठेवलं असतं. डबा त्यांनी आधीच उघडून बघितला होता. खायचं सामान आहे हे मी कागदावर लिहिलं होतं, त्यामुळे त्याचं काही नव्हतं. प्रश्न माझा होता.

थोड्या वेळाने एक अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले. त्या हिंदी बोलल्या. त्यांचे पूर्वज फार पूर्वी फिजीला गेलेले, असं नंतर त्यांनीच सांगितलं. त्यांची हिंदी वेगळ्याच चालीची होती, पण कानाला गार वाटली.

"काहे आए हो?"

"बहन को लेने."

"बहन बीमार है?"

"नहीं."

"उसके घर में झगड़ा है? आदमी मारता है?"

"नहीं, नहीं. आदमी बहुत अच्छा है," मी म्हणालो, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणत होतो, तेही सरकारी खोलीत.

"तो फोन कर देते. आ जाती."

"फोन से नहीं आती. हमारे में भाई लेने आता है, तभी बहन मायके जाती है. भाई एक रात रुकता है, दूसरे दिन लेके जाता है."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हर साल आते हो?"

"पहली बार आया हूं. नौ साल में."

त्यांनी फॉर्मवरचा बहिणीचा नंबर घेतला आणि माझ्यासमोरच फोन लावला. मी निरोप न देता येणारा मुराळी, आणि माझा निरोप एक सरकारी बाई देत होत्या. आधी त्या इंग्रजीत बोलल्या. माझं नाव सांगितलं. मग ऐकत राहिल्या. बराच वेळ. पलीकडचं मला काही ऐकू येत नव्हतं. मी डब्याच्या फडक्याची गाठ धरून बसलो होतो. ती जर म्हणाली असती की असा माझा कोणी भाऊ नाही, तर ते खोटं झालं नसतं. मला इथूनच परत पाठवलं असतं, आणि मी मायला काय सांगितलं असतं. कुलूप होतं, हे दोनदा सांगता येत नाही.

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वो एक बात पूछने को बोलती है. हमको समझ नहीं आया. तुम समझोगे, बोलती है."

"क्या?"

"पूछती है, पुल पार करके आए हो?"

त्या पुलाची गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती, असं मी नऊ वर्षं समजत होतो.

"हां," मी म्हणालो. मग परत म्हणालो. "हां. बोलो, पार करके आया."

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडून काही आलं, ते एका शब्दाएवढंच असावं. त्यांनी फोन ठेवला, पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "बाहर रुको. आधा घंटा लगेगा उसको." मग डब्याकडे बघून विचारलं, यात काय आहे. मी गाठ सोडून दोन सांजोऱ्या त्यांना द्यायला गेलो. त्यांनी हात वर केला, ड्यूटीवर चालत नाही म्हणाल्या, पण वास मात्र वाकून घेतला.

बाहेर येणाऱ्यांच्या दारासमोर एक बाकडं होतं, त्यावर बसलो. दारावरच्या पडद्यावर विमानांच्या वेळा सरकत होत्या आणि माझ्याशेजारी उभं राहून एक म्हातारा त्याच वेळा दुसऱ्याला विचारत होता. तेवढ्यानेही मला जरा घरच्यासारखं वाटलं.

ती पंचवीस मिनिटांतच आली. एकटीच. पायांत घरातल्या सपाता, केस अर्धे बांधलेले, कपाळावर एक-दोन पांढरे. मी उठलो. मला पाठ केलेलं एक वाक्य होतं, ते आठवेना. ती समोर येऊन उभी राहिली, डब्याकडे बघितलं, झाकणावरचा पोचा तिने बोटाने चाचपला.

"हाऊच डबा व्हता ना त्या दिन?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मी पूलना शहादाना आंगे उभी व्हतू, भाऊ. पिशवी लईसन. म्हंतलं तुले दुकानवर येवाले लाज वाटी, मंग मीच पूलवर येस, तठूनच बसी जासू गाडीवर." तिने डबा माझ्या हातातून घेतला. "तू त्या तोंडशी उभा व्हता. माले तू दिसी ऱ्हायंता. मी हात बी करा."

मी तिचा हात बघितलाच नव्हता. मी दुकानाची पायरी बघत होतो. तिने माझी लाज माझ्याआधी ओळखली होती, आणि ती मला लागू नये म्हणून स्वतः चालत निम्मा रस्ता आली होती. मी तिथेच, सगळ्या लोकांमध्ये, रडलो. मोठ्याने. माझं चुकलं, असं मी म्हणालो. किती वेळा म्हणालो ते आठवत नाही. तिने मला थांबवलं नाही, ते बरं केलं. नऊ वर्षांचं होतं, थोडा वेळ लागणारच होता.

मग तिने ओढणीने आपले डोळे पुसले, माझे पुसायला तेच टोक दिलं, आणि डबा काखेत मारून विचारलं, "आपली गाडी किती वाजता शे?"

आयुष्यभर मला हाच प्रश्न विचारला गेला आहे. मी तोंड उघडलं, आणि वेळ आठवेना. परतीची वेळ मी दोन महिने घोकली होती, झोपेत विचारली असती तरी सांगितली असती. मी खिशातून तिकिटाचा कागद काढला, घडी उलगडली आणि बोट ठेवून वाचलं.

"उद्या दुपारी एक वाजून दहा मिनिटं," मी म्हणालो.

"मंग चाल," ती म्हणाली. "पिशवी भरनी पडी."